झिपरीच्या तोंडातला कापूस

बल्लारपूर, जि. चांदा
४ ऑक्टोबर १९६८

ति. अक्का,

आणि गेल्या दिवाळीला झिपरी पळाली ती माझ्यामुळे, हे तू अजून किती वर्षं लिहिणार आहेस? मी तेव्हा बाहेरगावी, कुत्री धरणगावात, फटाके भिकमचंदशेठच्या सुरेशचंदचे, आणि दोष मात्र वनाचा. वा! घरातला एकुलता पुरुष चालता झाला की कुत्र्यालाही घर घर वाटत नाही, असं तू लिहिलंस. ते वाक्य मुकादमाला वाचून दाखवलं तर तो पोट धरून हसला. म्हणाला, तुझी बहीण वकील पाहिजे होती.

पायाला भिंगरी आहे तर आहे. सुरतेची मिल सोडली, ट्रकवरची क्लीनरकी सोडली, कबूल. पण झिपरीला मी सोडलेलं नाही. धुळ्याच्या मोटार स्टँडवर ट्रकच्या चाकाखालून काढून, सदऱ्यात घालून मीच आणली ना तिला? तू दारातच म्हणालीस, बाहेर ठेव, घाण करील. आणि चौथ्या दिवशी ती तुझ्या जात्याजवळ झोपलेली. आता तुझं तिच्याशिवाय पान हलत नाही, आणि वर मलाच बोलतेस.

तर यंदाचं ऐक. इथं गिट्टीच्या खाणीवर रोज सुरुंग उडतात, त्यामुळे धडाक्याला जनावर कसं वागतं ते मी बघतो. पहारेकऱ्याचं कुत्रं भोंगा झाला की लॉरीखाली जातं आणि सगळं शांत झालं की येतं. ज्याला जागा माहीत आहे ते पळत नाही. तेव्हा झिपरीला आत्तापासून जागा दाखवून ठेव. आतल्या खोलीत कणगीच्या मागे माझं जुनं धोतर टाक, न धुतलेलं. दिवे लागायच्या आत पोटभर खाऊ घाल, बाहेर फिरवून आण, मग दार लाव. साखळीनं बांधू नकोस, धडाका झाला की गळफास लावून घेईल. आणि तू जातं सुरू कर. जात्याची घरघर तिला पाळण्यासारखी आहे, तिच्यात बाहेरचा आवाज बुडतो. तरी थरथरली तर मांडीवर घे, तोंडाजवळ तोंड ने, हातानं घास भरव. तिला माणसाचा हात पाहिजे असतो, बाकी काही नको.

एवढं करशील तर मी तुझ्या सगळ्या शिव्या परत घेतो.

तुझा
वना


धरणगाव
११ ऑक्टोबर १९६८

चि. वनास ताईबाईचे आशीर्वाद.

शिव्या मी दिल्या आणि परत तू घेणार? तिसरीतून शाळा सोडली त्याचा हा हिशेब.

तुझं पत्र झिपरीसमोर वाचलं. तुझं नाव आलं की शेपटी हलवते, निर्लज्ज. धोतर टाकलंय. त्यावर बसून ती दाराकडे बघत असते, जसा काही तू आत्ता येणार. मी तिला सांगितलं, बाई, मी पण बघून थकले.

तुला एक लिहायचं राहिलं होतं. पोळ्याच्या सुमाराला मी शेठच्या मळ्यात निंदायला गेले होते, झिपरी बरोबर. भर दुपारी तुरीतून कोल्हा निघाला आणि सरळ आम्हा बायांच्या अंगावर आला. माणसाला न भिणारा कोल्हा मी पहिल्यांदा पाहिला. शेवंताबाई तर खुरपं टाकून बांधावर चढली. झिपरी मध्ये पडली. ओठ फाटला तिचा, पण कोल्ह्याला पळवून लावलं. मी हळद भरली, आठवड्यात बरी झाली. आता ओठ एका बाजूला वाकडा राहिलाय, तू खोटं बोलताना हसतोस तशी दिसते. तेव्हा लिहिलं नाही, कारण तू उगाच काम टाकून आला असतास.

फटाक्यांचं म्हणशील तर सुरेशचंदनं यंदा जळगावहून पेटी आणलीये. शेठाणी सुगनबाई स्वतः मला म्हणाल्या, "ताईबाई, लक्ष्मीपूजनाला तुझी कुत्री आमच्या रुईच्या कोठीत ठेव गं. चारी बाजूंनी कापूस, मधे आवाज येतोय कशाला?" बाई चांगली आहे. मला पटलं. कापसात माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, हे वेचणीच्या दिवसांत मी स्वतः पाहिलंय.

वेचणी सुरू झालीये. बोटं फाटलीत, म्हणून अक्षर असं. जेवत जा.

तुझी
अक्का


बल्लारपूर
१६ ऑक्टोबर १९६८

ति. अक्का,

शाब्बास माझी झिपरी! पत्र सगळ्या खोपटात वाचून दाखवलं. कोल्ह्याशी लढलेली कुत्री फटाक्याला भिते, यावर लोकांचा विश्वास बसेना. मी म्हटलं, कोल्हा दिसतो, फटाका दिसत नाही, फरक तेवढाच आहे.

रुईची कोठी झकास. पण दार लावलंस तर आत पाण्याची परात ठेव, आणि माझं धोतर तिथं ने. तू मध्ये मध्ये जाऊन आवाज दे. नवीन जागा आहे, तिला वाटेल विकली मला.

दिवाळीला यायचं होतं. मुकादम म्हणतो, सण झाल्यावर जा. फराळाचं पाठवू नकोस, वाटेत पोस्टातले उंदीर खातात.

तुझा
वना


धरणगाव
२३ ऑक्टोबर १९६८

चि. वनास अनेक आशीर्वाद.

आज भाऊबीज. पाटावर तुझी टोपी ठेवून ओवाळलं. टोपी तुझ्यापेक्षा गुणी आहे, जाग्यावर राहते.

झिपरीचं सांगते. घाबरू नकोस.

वसुबारसेपासूनच ती गप्प झाली. पोरं लवंगी उडवायला लागली होती, मी म्हटलं सुरुवात झाली भ्यायला. कणगीमागे जाऊन बसली ती उजेडात येईना. हाक मारली तर बघते, पण दुसऱ्याच कुणाकडे बघितल्यासारखी. भुंकली तर आवाज घोगरा, आणि शेवटी लांबत जातो. शेवंताबाई कुंपणावरून विचारते कशी, "ताईबाई, तुनी कुत्री पानीले भ्यास का?" मी म्हटलं, काही नाही, फटाक्यांनी तिची दातखीळ बसलीये. तुला माहीत आहे शेवंताबाई, कुणाच्या घरात काय मोडतं ते बघत असते.

लक्ष्मीपूजनाला संध्याकाळ व्हायच्या आत मी तिला कडेवर घेऊन शेठच्या कोठीत नेलं. चालत नव्हती. मागचे पाय लटपटत होते. परात ठेवली, धोतर टाकलं, तू लिहिलंस तसं सगळं. बाहेर सुरेशचंदनं माळ लावली ती संपता संपेना. मी दोनदा दाराशी जाऊन "झिपरे, मी आहे गं" म्हटलं. आतून आवाज नाही. मला वाटलं, बरं झालं, शांत झाली.

धूर विरला तसं दार उघडलं. वना, तिनं कापूस खाल्ला होता. तोंडात बोळेच्या बोळे, जबडा खाली लोंबलेला, त्यातून लाळ गळत होती. गिळता येईना, टाकता येईना. डोळे लाल. सुगनबाई म्हणाल्या, "भीतीनं बावरली बिचारी, कापूस अडकलाय घशात." कंदील त्यांनी धरला आणि मी हात घातला. आतपर्यंत घातला. बराच कापूस निघाला, पण जबडा काही मिटला नाही. काढताना दोन बोटांना दात लागले. तिनं चावलं नाही रे, तिचा जबडा असा मिटला नि उघडला, एवढंच. रक्त आलं थोडं. धुतलं, चुना लावला. तिची काही चूक नाही.

आता घरी आणलीये. अजून काहीतरी घशात असणार, कारण पाणी समोर ठेवलं की मान फिरवते. तू सांग काय करू. तू रोज धडाक्यात असतोस.

तुझी
अक्का


बल्लारपूर
२७ ऑक्टोबर १९६८

ति. अक्का,

तुझं पत्र आत्ताच हातात पडलं, लगेच लिहितो. घाबरायचं नाही. हा भीतीचा झटका आहे. इथं पहिल्या सुरुंगाला एक खेचर असंच ताठ झालं होतं, मग आपोआप सुटलं.

कापूस खाली सरकलाय. रुई पाण्यानं फुगते, म्हणून ती पाण्याला नको म्हणते. जनावराला अक्कल असते. तू असं कर. एरंडेल बोटाला लाव, जिभेच्या मुळाशी घाल आणि गोल फिरव. कापूस तेलानं सुटेल. मग चिंधी पाण्यात भिजवून तिच्या तोंडात पिळ, थेंब थेंब. हात काढू नकोस, ती तुझीच आहे. रात्री एकटी ठेवू नकोस, अंथरुणात घे, उबेनं जबडा सैल होईल.

आणि शेवंताबाई परत विचारायला आली तर सांग, पानीले नही, तुले भ्यास!

बोटाला काय झालंय ते नीट लिही. थोडं म्हणजे किती? तुझं "थोडं" मला माहीत आहे. मागे विळ्यानं पाय कापला होता तेव्हाही "थोडं"च होतं.

झिपरी बरी झाली की तिच्या नावानं मला एक ओळ टाक.

तुझा
वना


धरणगाव
१३ नोव्हेंबर १९६८

चि. वनास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. लिहायला घ्यायचे आणि ठेवून द्यायचे.

झिपरी गेली. तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच गेली. मागचं धड आधी गेलं, मग पुढचं. शेवटी नुसते डोळे हलत होते. तू जे जे लिहिलंस ना, एरंडेल, चिंधीनं पाणी, अंथरुणात घेणं, ते सगळं मी पत्र यायच्या आधीच करून बसले होते. आपण दोघं एका आईची लेकरं, दुसरं काय सुचणार? मळ्यावरच्या चिंधाला बोलावलं, त्यानं मळ्याच्या बांधावर खड्डा काढला. तुझं धोतर तिच्यावर घातलं. तुला चालेल ना?

आता लोकांचं बोलणं ऐक. शेवंताबाई गल्लीभर सांगत सुटलीये की झिपरी पिसाळली होती. परवा नळावर माझ्या तोंडावर म्हणाली, "बठ्ठं गाव जानस, तूच नही जानत!" सुगनबाईंनी निरोप पाठवला, काही दिवस कामाला येऊ नकोस. कोठीतला तेवढा कापूस त्यांनी जाळून टाकला म्हणे. मला फार लागलं ते. पिसाळलेलं कुत्रं काय असतं ते मी लहानपणापासून बघतेय. ते गावभर धावतं, दिसेल त्याला चावतं. माझी झिपरी कुणाच्या अंगावर गेली नाही. मांडीत डोकं ठेवून मेली. ती फटाक्यांनी मेली, वना. सुरेशचंदच्या माळेनं मेली. आणि हे सगळे मिळून तिला पिसाळलेली ठरवतायत, म्हणजे कुणाकडेच बोट जायला नको.

झाडपाला देणारे गिरधरबाबा आपणहून आले, कसली मुळी उगाळून पाजली, म्हणाले, "काही व्हत नही पोरी, बठ्ठं उतरी जाई." शेवंताबाई म्हणते, जळगावच्या सरकारी दवाखान्यात जा, पोटात चौदा इंजेक्शनं घेतात. मी जाणार नाही. गेले तर शेवंताबाईचं खरं झालं, आणि झिपरीच्या नावाला कायमचा डाग. शिवाय इतरांच्या शेतात वेचणी ऐन भरात आहे, रोज जळगावला कोण नेणार, कुठं राहणार?

बोटं भरून आलीत. खूण पण दिसत नाही आता. फक्त त्या हातात कोपरापर्यंत मुंग्या येतात, नि कधी आग होते. वेचणीचं असेल. झोप लागत नाही, पण तेही झिपरी नाही म्हणून. जात्यावर बसले की मागं वळून बघते.

तू येऊ नकोस. काम टिकव. या वर्षात हे तिसरं काम आहे तुझं.

तुझी
अक्का


बल्लारपूर
१७ नोव्हेंबर १९६८

ति. अक्का,

तार मिळाली असेल. "जळगावला जा, इंजेक्शनं घे," एवढंच तारेत घातलं. पण मी तुला ओळखतो. तू म्हणशील, वनाला आता हे नवीन खूळ, आणि तार देवघरात ठेवून कापूस वेचायला जाशील. म्हणून हे पत्र. ते वाचत वाचत कपडे बांध.

इथं आपल्याकडचा एक म्हातारा आहे, साक्रीचा, झुलालबाबा. सुरुंगाची भोकं पाडतो. तुझं पत्र आलं तेव्हा मी जेवायच्या सुट्टीत दगडावर बसून रडत होतो, ते त्यानं बघितलं. म्हणाला, काय झालं रे पोऱ्या? मी म्हटलं, कुत्री मेली. तो हसला नाही. म्हणाला, कशी मेली? मी सांगायला लागलो, फटाक्यांना भ्यायली, कापूस खाल्ला. त्यानं मला मध्येच थांबवलं. "तोंड उघडं पडेल व्हतं का?" मी म्हटलं हो. "पानी पेत नव्हती?" नव्हती. मग म्हणाला, "तिले कोन चावनं व्हतं?" मी म्हटलं कुणी नाही. आणि मग मला तो कोल्हा आठवला.

अक्का, मी तो कोल्हा सगळ्या खोपटाला हसत हसत सांगितला होता.

"दिवसाले उना व्हता ना तो कोल्हा? मानूसवर?" मी मान हलवली, भर दुपारीच आला होता. झुलालबाबा म्हणाला, "ती फटाकासले भ्यायेल नव्हती. ती पिसाळेल व्हती." मी त्याच्या अंगावर धावून गेलो, खरं सांगतो. त्यानं माझं मनगट धरलं आणि खाली बसवलं. मग नीट सांगितलं. म्हणे, सगळी पिसाळलेली कुत्री धावत नाहीत. काही मुकी होतात. कोपऱ्यात बसतात, आवाज बदलतो, दिसेल ते चावतात, लाकूड, माती, चिंध्या. मग जबडा पडतो, गिळता येत नाही. माणसाला वाटतं घशात हाड अडकलं, म्हणून तो हात घालतो. हात घालणारा नेहमी घरचाच असतो, म्हणाला, परका कशाला घालील? त्यांच्या गावात एकानं वासराच्या तोंडात घातला होता. मी विचारलं, त्याचं काय झालं? त्यानं उलट मलाच विचारलं, तुझ्या कुत्रीच्या तोंडात हात कुणी घातला?

मग मी तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. हातात मुंग्या येतात ती ओळ आली तसं म्हणाला, परत वाच. परत वाचली. त्यानं विडी दगडावर विझवली, माझ्याकडे बघितलंच नाही, आणि म्हणाला, "आजच धाड तिले. आज."

आता ऐक. भांडू नकोस, एकदाच ऐक. तू जात नाहीस ते भीतीनं नाही, पैशानं नाही, वेचणीनं पण नाही. झिपरीला पिसाळलेली म्हणायला तुझी जीभ उचलत नाही, म्हणून जात नाहीस. तर मी म्हणतो. तिला सदऱ्यात घालून मी आणली, तेव्हा तिला काय म्हणायचं तो हक्क माझा आहे. झिपरी पिसाळली होती. कोल्ह्यानं तिला दिलं ते तिनं आपल्या अंगावर घेतलं, नाहीतर ते त्या दिवशी तुला नाहीतर शेवंताबाईला मिळालं असतं. यात तिच्या नावाला कसला डाग? डाग असलाच तर तो माझ्या पत्रांना आहे. हातानं घास भरव, हात काढू नकोस, अंथरुणात घे. हे सगळं माझ्या अक्षरात तुझ्या ट्रंकेत आहे. ती पत्रं जाळ.

दवाखान्यात विचारतील, कुत्रं कसं होतं? भित्रं होतं असं सांगशील तर ते तुला परत पाठवतील. पिसाळलेलं होतं म्हण. मोठ्यानं म्हण. मुंग्यांचं पण सांग, लपवू नकोस. शेवंताबाईला बरोबर ने. हो, तिलाच. तिनं एकटीनं सुरुवातीला बरोबर विचारलं होतं आणि मी तिची थट्टा केली. तिच्या पाया पड माझ्या वतीनं. सुगनबाईंनाही सांग, त्यांनी कंदील धरला होता, त्यांच्या हाताला कुठं ओरखडा असेल तर त्यांनाही ने.

आणि अक्का, पाणी पितेस ना? तू काहीच लिहिलं नाहीस. हे वाचल्यावर शेवंताबाईसमोर तांब्याभर पाणी पी आणि तिच्याकडून मला पत्र घाल. तुझ्याकडून नको, तू "थोडं" लिहिशील.

मी निघतोय. मुकादम नाही म्हणाला, मी हो म्हटलं. तिकिटाला पैसे ठेवलेले नाहीत, मालगाडीनं येईन, लटकत येईन, कसाही येईन. भुसावळला उतरून सरळ जळगावच्या दवाखान्यात येतो. घरी येणार नाही, कारण तू घरी असायची नाहीस. तू तिथंच दिसली पाहिजेस, खाटेवर, माझ्यावर चिडलेली.

पैसे माझ्या आधी पोचतील, तारेच्या मनीऑर्डरनं. झुलालबाबाचे त्यात आहेत, ते परत करायचे असं मनात आणू नकोस, त्यानं तशी शपथ घातलीये. सगळे तिकडेच खर्च कर, एक पैसाही घरी ठेवू नकोस. एकशे सात रुपये आहेत.

तुझा
वना